ल्हुइन केलिन: एका वेल्श शेतघराची लाकडी प्रतिकृती, कामाच्या नोंदी

12 जानेवारी

प्रमाण ठरलं: 1:20. म्हणजे खऱ्या घरातली वीस सेंटिमीटरची तुळई माझ्या मेजावर एक सेंटिमीटरची होईल. यापेक्षा लहान केलं तर सांधे दिसणार नाहीत आणि मोठं केलं तर वर्कशॉपच्या दारातून बाहेर निघणार नाही. प्रतिकृती इथल्या इतिहासप्रेमी मंडळींसाठी आहे. त्यांची मागणी साधी होती, "घर आतून कसं चालायचं ते लोकांना दिसू दे."

घर वेल्सच्या आग्नेय भागात, ब्लॅक माउंटन्सच्या डोंगरात. अ‍ॅबरगॅव्हेनी गावावरून उत्तरेला निघालं की लॅन्थनीची दरी सुरू होते आणि तिच्या तोंडाशीच, कुमयॉयच्या परिसरात, उतारावर ल्हुइन केलिन उभं आहे. पूर्वेला हॅटरलची लांबलचक धार, तिच्यापलीकडे इंग्लंड. 1188 साली जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने आर्चबिशप बाल्डविनबरोबर वेल्समधून प्रवास केला, तेव्हा त्याने या दरीची रुंदी बाणाच्या एका टप्प्याएवढी म्हणून नोंदवली होती. आजही रस्ता एवढा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावंच लागतं.

घर 1420चं. राजवाडा नाही, किल्ला नाही, मठ नाही. शेतावरचं राहतं घर, सहाशे वर्षं जुनं आणि आजही वासे-तुळयांसकट उभं. म्हणूनच मला ते करायचं आहे.

19 जानेवारी

आज फक्त आराखडा.

मधोमध मोठं दालन, जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं. वर मजला नाही. दालनाच्या खालच्या टोकाला आडवा बोळ, समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ जाणारा. बोळापलीकडे दोन दारं शेजारी शेजारी: एक पेयांच्या कोठाराचं, दुसरं खाण्याच्या जिन्नसांच्या कोठीचं. दालनाच्या वरच्या टोकाला दुमजली भाग काटकोनात जोडलेला. त्याच्या वरच्या मजल्यावर घरधन्याच्या कुटुंबाची स्वतंत्र खोली.

इंग्लंड-वेल्समधल्या त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. वरचं टोक मालकाचं, खालचं टोक कामाचं, मध्ये विस्तव. कोण कुठे बसणार हे भिंतींनीच ठरवून टाकलेलं. बोळातून आत आलेल्या माणसाला समोर दालनाची पूर्ण लांबी दिसायची, तिच्या टोकाला बाकावर बसलेला घरधनी, आणि त्याच्यापर्यंत जायचं तर विस्तवाला वळसा घालून. घर बांधणाऱ्या सुतारांनी याचा नीट विचार केलेला आहे. सजावटीचं लाकूड कुठे आणि साधं कुठे हे पाहिलं तरी दालन कोणत्या बाजूने पाहण्यासाठी बांधलंय ते कळतं.

म्हणून प्रतिकृतीची पुढची भिंत काढता येईल अशी ठेवायची. बाहेरून कितीही सुंदर केली तरी या घराचा मुद्दा आत आहे.

27 जानेवारी

बाबांना वाईला फोन. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं, मी आर्किटेक्ट झाले ती त्यांच्या हाताखाली खेळतच. त्यांना फोटो पाठवले होते.

"खण किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दालनाचे खण, दोन कैच्यांमधलं (छपर पेलणाऱ्या लाकडी चौकटींमधलं) अंतर, भिंतीवर कैचीचं बूड कसं टेकलंय, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "ओलं लाकूड वापरलंय का त्यांनी?"

हो, ओलंच. ओक वाळल्यावर दगडासारखा होतो, पटाशी चालत नाही. त्यामुळे मध्ययुगातले सुतार झाड तोडलं की हिरवं असतानाच त्याला वाकसाने चौकोनी करायचे, खाच आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) कापायचे, आणि सांगाडा उभा करायचे. लाकूड उभ्या घरातच वाळायचं आणि आक्रसताना सांधे आवळले जायचे. खुंटीसाठी खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम किंचित मागेपुढे पाडलेलं असायचं. खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढून घेते. लोखंडाचा खिळा लागत नाही.

"मग वाकलं तर?" बाबा.

वाकतंच. जुन्या ओकच्या घरात सरळ रेषा शोधून सापडत नाही, आणि घराला त्याचं काही वाटत नाही.

बाबांनी मुख्य कैची खऱ्या ओकची कर म्हणून सांगितलं, बाकी बारीक रेषांचं कुठलंही लाकूड चालेल. 1:20 वर ओकच्या रेषा फार जाड दिसतात हे खरं, तरी कैचीपुरतं ऐकायचं ठरवलं. उरलेल्या सांगाड्याला नासपतीचं लाकूड.

3 फेब्रुवारी

1420 हे साल कुठून आलं, हे प्रतिकृतीच्या पाटीवर लिहावंच लागेल. पूर्वी अभ्यासक हे घर 15व्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानत. दारांची घडण, लाकडाची कोरणी यांवरून तसा अंदाज होता. मग तुळयांच्या वार्षिक कड्या मोजल्या गेल्या आणि घर कितीतरी वर्षं मागे गेलं.

पद्धत अशी. तुळईत बारीक पोकळ सामता घालून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात. ओक दर वर्षी एक कडी वाढवतो, पावसाळी गार वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. ही जाड-बारीक मालिका त्या प्रदेशातल्या आधी जुळवलेल्या लांबलचक मालिकेवर सरकवत न्यायची. एका जागी ती बसते. गाभ्याबाहेरचं कोवळं लाकूड शिल्लक असेल तर तोडणीचं वर्ष थोड्या वर्षांच्या आत सांगता येतं, सालीखालची शेवटची कडी शाबूत असेल तर नेमकं वर्ष मिळतं, कधी ऋतूसुद्धा. आणि लाकूड ओलंच वापरायचे म्हणून तोडणीचं वर्ष म्हणजे जवळपास बांधकामाचं वर्ष. बाबांच्या प्रश्नाचं महत्त्व इथे आहे. लाकूड वाळवून वापरायची रीत असती तर ही सालं इतकी नेमकी लागली नसती.

वेल्समध्ये गेल्या काही दशकांत अशी शेकडो घरं तपासली गेली आहेत. जुन्या वास्तूंची नोंद ठेवणारं अ‍ॅबरिस्टविथचं रॉयल कमिशन आणि उत्तर वेल्समधले जुन्या घरांचे हौशी अभ्यासक, दोघांनी मिळून पुष्कळ काम केलंय. वाय नदीच्या वरच्या अंगाला हावोद-अ-गारेग नावाचं एक साधं शेतघर आहे, त्याची तोडणी 1402ची निघाली.

4 फेब्रुवारी

काल रात्री 1402 आणि 1420 या दोन आकड्यांवर विचार करत राहिले.

ओवाइन ग्लिनदूर या वेल्श सरदाराचं इंग्रजी राजवटीविरुद्धचं बंड 16 सप्टेंबर 1400 रोजी सुरू झालं. 1404पर्यंत हार्लेक आणि अ‍ॅबरिस्टविथचे किल्ले त्याच्या हातात होते. 1405च्या मार्चमध्ये ग्रॉसमंटला त्याच्या फौजेचा पराभव झाला, मे महिन्यात उस्कजवळ पुन्हा. ग्रॉसमंट या दरीपासून फार लांब नाही, हॅटरलच्या पलीकडेच. 1409मध्ये हार्लेक पडलं. दोन्ही बाजूंनी गावं जाळली, गुरं नेली, शेतं ओस पडली. इंग्लंडच्या संसदेने 1401-02मध्ये वेल्श लोकांवर कायदे लादले: वेल्श माणसाने किल्ला किंवा तटबंदीचं घर बाळगायचं नाही, इंग्रजांच्या शहरांत जमीन घ्यायची नाही.

त्याआधी 1349ची प्लेग. माणसं मेली, जमिनी मोकळ्या पडल्या आणि जे वाचले त्यांच्यातल्या काहींच्या हाती पूर्वीपेक्षा मोठी शेतं आली.

अशा काळानंतर लगेच, 1420 साली, या दरीत कुणीतरी उत्तम प्रतीचा ओक तोडून आणला आणि एवढं मोठं, कोरीव दारांचं घर बांधलं. जमीन लॅन्थनीच्या मठाची, ऑगस्टिनियन पंथाची. सगळीकडे उद्ध्वस्त असल्याच्या वर्णनांत हे घर बसत नाही, आणि नेमकं त्यासाठीच त्याचं साल महत्त्वाचं. इतिहासाच्या पुस्तकातल्या 'बंडानंतरचा पडता काळ' या वाक्याच्या मध्येच हे दालन उभं आहे.

17 फेब्रुवारी

आज सेंट फॅगन्स, कार्डिफच्या पश्चिमेला. 1948 साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय. वेल्सभरातली घरं सोडवून, खुणा घालून, इथे आणून पुन्हा उभारली आहेत. त्यामागे इओरवर्थ पीट यांचा ध्यास होता. त्यांना दरबारी वास्तूंपेक्षा शेतकऱ्यांची घरं मोलाची वाटायची.

मी गेले ते हेन्द्रेर-अविद ईखाव पाहायला. उत्तरेकडल्या डेनबिशरमधलं, लानगिनहाव्हलचं शेतघर. लाकूडतोडणी 1508. ल्हुइन केलिनपेक्षा साधं, गवताने शाकारलेलं, दगडी भिंतींऐवजी लाकडी चौकटीत कुडाच्या भिंती. तरीही माझ्या कामासाठी तिथली शिकवण मोठी होती, कारण तिथे विस्तव अजून जमिनीवर आहे.

क्रक पद्धत प्रत्यक्ष पाहिली. मुळाशी वाकलेला ओक निवडायचा, त्याला उभा चिरायचा, मिळालेले दोन वाकडे भाग समोरासमोर उभे करायचे. जमिनीजवळून निघालेली लाकडं वर आढ्याशी एकमेकांना भेटतात. छपराचा भार भिंतीवर येतच नाही, थेट जमिनीत उतरतो. भिंत मग फक्त वारा अडवायला. तिच्यात काठ्यांचं विणकाम आणि वर माती लिंपलेली. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा. घराच्या खालच्या खणांत गुरं, वरच्या टोकाला झोपायची खोली, मध्ये दालन.

आत संग्रहालयाच्या माणसाने विस्तव पेटवला होता. धूर सरळ वर जातो हे चित्रात असतं. प्रत्यक्षात तो आधी आढ्यापर्यंत जातो, तिथे साचतो, मग गवतातून आणि फटींतून हळूहळू बाहेर पडतो. उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, बाकावर बसलं की हवा बरी. त्या काळची बैठी, बुटकी आसनं बघून कारण समजलं. वरचं लाकूड काळं कुळकुळीत झालेलं असतं, माझ्या आजोळच्या चुलीवरच्या तुळया आठवल्या. अशी काजळी जुन्या घराच्या छपरात सापडली की अभ्यासक निश्चित सांगतात, इथे एकेकाळी उघडा विस्तव होता आणि वर मजला नव्हता. मजला नंतर पडला तरी त्याच्या वरच्या अंधारात काजळी तशीच राहते.

प्रतिकृतीच्या वाशांना काळा रंग लावणार नाही. मेणबत्तीच्या धुरावर धरायचे.

25 फेब्रुवारी

वासे धुरावर धरले. मधल्या खणात दाट, कडेला विरळ. हवं तसं जमलं.

9 मार्च

भिंती. प्लायवूडच्या गाभ्यावर गिलावा, त्यात बारीक चाळलेली लालसर वाळू. इथला दगड जुना तांबडा वालुकाश्म. नांगरलेलं शेतही त्याच रंगाचं. छपरावर त्याच दगडाच्या पातळ फरशा, खाली मोठ्या, आढ्याकडे लहान लहान होत जाणाऱ्या. वजन प्रचंड. गवताच्या छपराची कैची आणि दगडी छपराची कैची या वेगळ्या गोष्टी, हे फरशा एकेक करून चिकटवताना हाताला कळत जातं.

14 मार्च

ज्या प्रश्नाला मी टाळत होते तो आज मेजावर आला. प्रतिकृती कोणत्या सालाची?

1690च्या दशकात या दालनात विटा-दगडांची मोठी शेगडी आणि धुराडं बांधलं गेलं आणि मोकळ्या दालनाच्या मध्यावर मजला टाकला गेला. म्हणजे घर बांधल्यावर पावणेतीनशे वर्षांनी. वर खोल्या निघाल्या. धूर धुराड्यात कोंडला. दालनाची उंची अर्धी झाली, ऊब वाढली. सगळ्यांनी एका विस्तवाभोवती एकत्र जगायचं ते संपलं.

मंडळातल्या एकाचं म्हणणं, 1420चंच दाखवा, ते 'मूळ' आहे, मजला म्हणजे नंतरची भर. मला हे पटत नाही. ज्यांनी मजला टाकला ते याच घरात जन्मले, त्यांनाही थंडी वाजत होती, त्यांच्या बायकांचेही डोळे धुराने जळत होते. त्यांच्या सुतारांनीही नेटकं काम केलंय, मजल्याच्या तुळयांच्या कडा रंधून गोलसर केल्या आहेत. आणि एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात: नुसतं 1420चं राहिलं असतं तर हे घर कधीच पाडलं गेलं असतं. दर काही पिढ्यांनी कुणीतरी ते आपल्या गरजेला वळवलं, म्हणून ते राहण्याजोगं राहिलं.

लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने 2014मध्ये घर ताब्यात घेऊन दुरुस्त केलं तेव्हा त्यांच्यासमोरही हाच पर्याय होता. त्यांनी मजला काढला नाही. माझ्या मते तो त्या सगळ्या कामातला सर्वात शहाणा निर्णय.

ठरलं. मजला आणि धुराडं वेगळे तुकडे करायचे, वरून अलगद बसवता आणि काढता येतील असे. पाहणाऱ्याच्या हातात दोन्ही सालं.

30 मार्च

मजल्याचा तुकडा बसवून पाहिला. मोठा प्रश्न निघाला तो धुराड्याच्या जागेचा. आडवा बोळ आणि दालन यांच्या मधोमध ते आलं की आत येणाऱ्याची नजर अडते. पूर्वी बोळातून शिरल्याबरोबर दालनाचं टोक दिसायचं, आता समोर धुराड्याची पाठ. सुतारांनी आखून दिलेलं ते जुनं दर्शन, घरधन्याकडे जाणारी सरळ नजर, एका भिंतीने संपवली. ब्रिटनभरच्या असंख्य घरांमध्ये 16व्या-17व्या शतकात हेच घडलं, आणि ते फक्त उबेसाठी झालं असं म्हणता येणार नाही. एका बाकावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा घरधनी हा माणूसच तोवर बदलला होता. त्याला आता वर स्वतःची खोली हवी होती, दार लावून घेता येईल अशी.

1536 आणि 1542च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला, 1538मध्ये लॅन्थनीचा मठ बंद पडला. दरीतली सत्ता गेली, जमीन दुसऱ्यांच्या हाती गेली. या घरात मात्र त्या वर्षांची ठळक खूण नाही. माणसं शेती करत राहिली.

6 एप्रिल

कुमयॉयला जाऊन आले. इथलं सेंट मार्टिनचं चर्च एकाही कोनात सरळ नाही. मनोरा एकीकडे झुकलेला, वेदीकडचा भाग दुसरीकडे. कारण खालची जमीन. डोंगराचा हा भाग हिमयुगानंतर घसरत आलेला आहे आणि चर्च त्या घसरणीवर बसलंय.

ल्हुइन केलिनला तेच दुखणं दुसऱ्या रूपात होतं. मागच्या उताराची माती शतकानुशतकं सरकत भिंतीला येऊन टेकली होती, डोंगराचं पाणी जोत्यातून शिरून घरातून वाहत होतं. दुरुस्तीचं निम्मं यश हे छपरात नसून मागच्या बाजूला माती काढून पाण्याला वाट करून देण्यात आहे. ओक सहाशे वर्षं टिकतो, पण पायाशी कोरडा असेल तरच. प्रतिकृतीच्या तळफळीवर उतार दाखवायचा, मागची भिंत जमिनीत किती गाडलेली होती ते एका वेगळ्या रंगाने.

13 एप्रिल

वटवाघळांचा मुद्दा कुणीतरी काढला. लहान हॉर्सशू जातीची वटवाघळं या घरात राहत होती, कायद्याने संरक्षित. दुरुस्तीच्या वेळी त्यांच्यासाठी जागा ठेवावी लागली. पाटीवर एक ओळ.

27 एप्रिल

तिसरा तुकडा करायचा ठरवलं आणि आज सुरूही केला.

दुरुस्तीपूर्वी कित्येक वर्षं हे घर परांचीच्या आधारावर आणि तात्पुरत्या छपराखाली उभं होतं. दोन भाऊ इथे राहायचे, शेती करायचे, शेवटपर्यंत. त्यांनी घरात फारसं काही बदललं नाही. पैसा असता तर कदाचित 1420ची दारं काढून नवी बसवली असती, खिडक्यांना प्लास्टिकच्या चौकटी आल्या असत्या, जमिनीवर काँक्रीट पडलं असतं. तसं शेजारच्या कितीतरी शेतघरांमध्ये झालं. इथे जुनं लाकूड जागच्या जागी राहिलं ते त्या दोघांच्या साध्या राहणीमुळे आणि बाहेरच्या परांचीमुळे. त्यानंतर आलेले सुमारे 42 लाख पौंड, तज्ज्ञ, सुतार, गवंडी, 2018ला घर दुरुस्त होऊन पुन्हा खुलं होणं, हे सगळं त्या आधारावर उभं राहिलं.

म्हणून परांची दाखवायलाच हवी. पितळी तारेची, काढता येणारी. मंडळातल्या काहींना ते कुरूप वाटतंय. मी मागे हटणार नाही.

11 मे

बाबांना व्हिडिओवर पूर्ण प्रतिकृती दाखवली. पुढची भिंत काढली, मजला उचलला, धुराडं काढलं, परांची चढवली. ते बराच वेळ मुख्य कैचीकडेच बघत होते.

"कुसू नीट बसलंय," म्हणाले. मग, "परांचीला पायाशी फळ्या टाक. नुसत्या काठ्या जमिनीत घुसतात."

खरं आहे. खऱ्या परांचीखालीही फळ्या असतात. उद्या टाकते.

12 मे

फळ्या टाकल्या. पाटीचा मजकूर नक्की केला: 1420, 1690चं दशक, परांचीची वर्षं, 2018. चारही सालं एकाच आकाराच्या अक्षरांत. 'मूळ' हा शब्द कुठेही नाही. गुरुवारी प्रतिकृती सभागृहात पोचवायची, मेज उत्तरेच्या खिडकीखाली मिळालं आहे. उजेड दालनाच्या वरच्या टोकावर पडेल असं ते फिरवून ठेवायचं.